मदत हवी आहे: चार इमारतींना मिळून जमिनीखालची कूलिंग यंत्रणा मुंबईत जमेल का?

नमस्कार मंडळी. मुलुंडला आमच्या चार सोसायट्यांचा एकत्र पुनर्विकास ठरतोय. नकाशे अजून पक्के नाहीत, म्हणून आत्ताच विचारते. घराघराच्या भिंतीवर एसीचे डबे टांगण्याऐवजी चौघांत मिळून खोल बोअर, त्यांतून फिरणाऱ्या पाण्याची एक सामाईक पाइपलाइन आणि प्रत्येक इमारतीत घरांतली उष्णता उचलून त्या पाण्यात सोडणारा हीट पंप, असं करता येईल का? अमेरिकेत फ्रॅमिंगहॅमला २०२४ मध्ये अशा जाळ्यावर ३६ इमारती जोडल्या गेल्या.

पण तिथे हिवाळ्यात घरं तापवायला जमिनीतली उष्णता परत काढतात. आपल्याकडे बारा महिने ती जमिनीत नुसती ओतायची, आणि इथली जमीन मुळातच २७-२८ अंशांच्या आसपास. काही वर्षांत तीच तापून बसली तर? ही माझी खरी धास्ती. अंघोळीचं गरम पाणी त्याच पंपांवर घेतलं तर थोडी उष्णता निघेल, पण तेवढ्याने भागेल असं वाटत नाही. जोडीला जादा उष्णता हवेत सोडणारा कूलिंग टॉवर घ्यावा का?

खाली बसाल्टचा कातळ आहे. चाचणीच्या एका बोअरमध्ये दोन-तीन दिवस गरम पाणी फिरवून खडक किती उष्णता ओढून घेतो ते मोजतात. मुंबई-ठाण्यात कुणी ही चाचणी करून घेतली आहे का? पायाच्या पाइल्समध्येच (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांत) पाइप बसवल्याचा अनुभव? बिल्डर म्हणतो, “ताई, हे थंड देशांचं काम.” पुढच्या रविवारी सभा आहे, त्याआधी काही हाती लागलं तर फार बरं होईल.