अनुभव धागा : सिरीज कुठे बसून पाहिलीत, कुठे सोडलीत?

जुलै चालू आहे. रत्नागिरीत चार दिवस कपडे वाळलेले नाहीत, आणि टीव्हीवर कोण काय लावणार यावरून घरात धुसफूस आहे. म्हणून हा धागा. अमुक भारी, तमुक बकवास एवढंच लिहून पळू नका. कुणाबरोबर पाहिलीत, कुठल्या भागावर सोडलीत आणि का, ते लिहा. हिंदी, मराठी, इंग्रजी, काहीही चालेल. शेवट फोडणार असाल तर आधी बजावा.

माझ्यापासून सुरुवात. 'पाताल लोक'चा पहिला भाग हॉलमध्ये लावला तेव्हा सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. शिवी आली की मी आवाज शून्यावर नेत होते. चौथ्यांदा त्याच म्हणाल्या, "राहू दे गं. पाण्याच्या पाळीवरून वाडीत याच्या वरचढ ऐकलंय." मग दोन्ही सीझन आम्ही दोघींनीच संपवले. दुसऱ्यात त्यातला पोलीस हाथीराम चौधरी नागालँडला जातो, तर सासूबाईंचा प्रश्न, "स्वेटर नेलान का त्याने?"

राजापूर तालुका

मी ग्रामसेवक. कागदावर आता ग्रामपंचायत अधिकारी, पण वाडीत हाक जुनीच. 'पंचायत', एका ग्रामपंचायत सचिवाची सिरीज, मला चार जणांनी "तुमचीच गोष्ट" म्हणून पाठवली. पहिला सीझन खरंच आमचा. पहिल्याच भागात कार्यालयाची चावी हरवते आणि सगळी गोष्ट त्या कुलपाभोवती फिरते. आमच्याकडे चावी शिपायाच्या घरी, शिपाई लावणीला, आणि दाखल्यासाठी आलेला म्हातारा व्हरांड्यात छत्री निथळत उभा. पुढे ती चाकांची खुर्ची. तिच्यासाठी नवरदेव हटून बसतो, हे ज्याला सुचलं त्याने सरकारी कचेरी आतून पाहिलेली आहे. प्रधान, म्हणजे सरपंच, मंजू देवी आणि कारभार यजमानांचा, यावर मला फारसं हसू आलं नाही. आमच्याकडे निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, आणि मीटिंगला मोटरसायकल उडवत कोण येतं ते मी बघतोच.

(पुढे शेवट फोडतोय.) दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रह्लादचा मुलगा जातो, तिथपर्यंत तोल होता. नंतर आमदार आला, गट आले. चौथ्यात, २०२५ च्या, दुधी विरुद्ध कुकर या चिन्हांची निवडणूकच निवडणूक. पण कचेरी कुठे गेली? घरपट्टी कोण वसूल करतोय, नळपाण्याचा पंप जळला तर कोण बघतोय? सिरीजमधल्या फुलेरा गावात आता सचिवाला कामच उरलेलं नाही. मी पाचव्या भागाला बंद केली.

लांजा

साहेब, निवडणूक आली की गावात दुसरं काम असतं का? आमची सात सदस्यांची ग्रामपंचायत. कपबशी चिन्हासाठी दोन सख्खे भाऊ भांडले, ते अजून एका गणपतीला येत नाहीत. मला चौथाच सीझन सगळ्यात खरा वाटला.

दापोली

आम्हीही 'पंचायत'च, पण पहिला सीझन, २०२० चा. आम्हाला उशिरा कळली, मेच्या शेवटी. रात्री एक भाग असा नेम. शेवटचा एक राहिला आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, माड आडवे, विजेचे खांब वाकले. आमच्या वाडीत लाईट यायला महिना गेला. आली तेव्हा आधी पंप, मग फ्रिज, आणि रात्री जेवणं उरकून आठवा भाग. त्यात तो सचिव शेवटी पाण्याच्या टाकीवर चढून गाव बघतो. आई म्हणाली, आपल्या गावात आत्ता कोण चढला तर त्याला निळी ताडपत्रीच दिसेल.

देवगड

आंब्याच्या दिवसांत आमच्या पडवीत सहा-सात बायका फळ पुसायला, निवडायला, पेटी भरायला असतात. डोळे आंब्यावर, कान मोकळे. त्यामुळे आमच्याकडे सिरीज ऐकून कळली पाहिजे. 'गुल्लक' त्यात पहिली. मातीचा गल्लाच गोष्ट सांगतो, त्यामुळे मिश्रांच्या घरात कोण रुसलंय ते मान वर न करता समजतं. गीतांजली कुलकर्णी बोलायला लागली की पडवीतली बडबड थांबते, आणि ही सोपी गोष्ट नव्हे. उलट ज्यात माणसं पाच-पाच मिनिटं नुसती समुद्राकडे बघत बसतात आणि मागे पियानो वाजतो, ती दुसऱ्या दिवशी बंद. समुद्र आम्हाला खिडकीतून दिसतो.

('गुल्लक'मधली ती शेजारीण, बिट्टूची मम्मी, प्रत्येक वाडीत असते. आमची तर पेटी भरायलाच येते. तिने हे वाचू नये.)

मालवण

तारकर्लीजवळ आमच्या चार खोल्या आणि खानावळ. मुलाने 'द बेअर' लावून दिली, शिकागोतल्या एका सँडविचच्या दुकानाची. इंग्रजी मला निम्मं कळतं, खालची अक्षरं वाचत जाते. स्वयंपाकघर मात्र सगळं कळलं. गरम भांडं घेऊन मागून जाताना ओरडून सांगणं, डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख घालणं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटणाच्या डब्यांवर तारखा आल्या.

दुसऱ्या सीझनचा सहावा भाग मी दोनदा पाहिला. नाताळची आदली रात्र, आई सात प्रकारचे मासे रांधतेय, हातात ग्लास, एकामागून एक घड्याळं वाजतायत, आणि लेक पुन्हा पुन्हा विचारते, बरी आहेस ना? तिला नेमकं तेच नको असतं. आमच्याकडे २५ डिसेंबरचा आठवडा असाच जातो. बाहेर चाळीस ताटं, सुरमई संपलेली, तव्यावर बांगडे, सोलकढीला नारळ कमी, आणि नवरा दारात उभा राहून "काय मदत करू?" मदत करायची तर विचारू नये. आडाळो घ्यावा आणि खवायला बसावं.

भाग संपल्यावर मी मुलाला म्हटलं, ही कॉमेडी? तो म्हणे, बक्षिसं कॉमेडीतच मिळाली, २०२४ च्या सप्टेंबरात अकरा एमी. देणाऱ्यांनी कधी पंगत वाढलेली दिसत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये सगळे आठवणी काढत बसतात, ताट काही बाहेर जात नाही. तिथे सोडली.

कुडाळ

माका भाचो सांगता, "मामा, 'अ‍ॅडोलसन्स' बघ, चार भाग, आणि एकेक भाग एका दमात, मधी कट नाय." मी म्हटलंय, मगे? आमच्या दशावतारात रात्रभर कट नाय. लिहून दिलेले संवादही नाहीत. आख्यान ठरतं, सोंगं ठरतात, आणि पुढचं रंगमंचावर उभं राहून जागच्या जागी.

तरी बसलो. तिसरा भाग म्हणजे एक खोली, तेरा वर्षांचा झील आणि त्याला तपासायला आलेली मानसशास्त्रज्ञ बाई. टेबल, गरम चॉकलेट, अर्धं सँडविच. पोरगा आता गोड बोलतोय तर आता उठून अंगावर येतोय. ती बाई आवाज चढवत नाही. समोर राक्षस थयथयाट करत असताना आमचा जुना राजापार्टी, राजाचं सोंग घेणारा, असाच आवाज खाली आणायचा, मग मागच्या रांगेतले चहावालेसुद्धा गप्प. शेवटी ती एकटी उरते तेव्हा तिचे हात बघा. मी भाच्याला दाखवायला वळलो तर तो मोबाईलवर. मेल्या, तूच सांगितलंस ना!

दुसरा भाग मात्र मला पटला नाही. शेवटी कॅमेरा शाळेवरून उडत जातो. ती कसरत झाली.

सावंतवाडी तालुका

आकेरीचा वाडा आमच्या वाटेवर. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ ला सुरू झाली तेव्हापासून मुंबईच्या गाड्या थांबवून लोक "अण्णांचं घर कुठे?" विचारतात. ते सोडा. आता ओटीटीवरही कोकण म्हटलं की वाडा, विहीर आणि भूत. 'अंधार माया' २०२५ मध्ये आली, किशोर कदम आहेत, काम चोखच. पण आमच्या घरात रात्री काळोख असतो तो लाईट गेलेली असते म्हणून. वायरमनला तीनदा फोन लावून तो का उचलत नाही, यावर कोणी आठ भाग काढावेत. भीतीही भरपूर आहे त्यात.

सावंतवाडी तालुका, दुसरी

मी आशाताई, म्हणजे गावातली आशा स्वयंसेविका. 'काला पानी' पाहिली, अंदमानातल्या साथीची. पहिल्या भागात मोना सिंगची डॉक्टर धोका सांगत असते आणि वरच्यांना महोत्सवाची पडलेली असते. घरचे घाबरले, मी मान हलवत होते. लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, दिवसांत आम्ही बांधावर उभं राहून आठवड्याची गोळी देतो. "माझ्यासमोर गिळा" म्हणावं लागतं, नाहीतर गोळी कनवटीला जाते. साथीची सिरीज करणाऱ्याने एकदा ती कनवट दाखवावी.

कणकवली, मुक्काम डोंबिवली

'स्लो हॉर्सेस', ती इंग्रजी हेरांची, कोकण रेल्वेत बघू नये. गॅरी ओल्डमन कुणाचा तरी पाणउतारा करायला तोंड उघडतो आणि करबुड्याचा बोगदा सुरू होतो. साडेसहा किलोमीटर.

मिरकरवाडा, रत्नागिरी

आमची बोट सध्या पावसाळी मासेमारी बंदीमुळे किनाऱ्यावर, १ जूनपासून. रंग झाला, जाळी शिवून होतायत. समुद्रात गेल्यावर रेंज सुटते, त्यामुळे जे काही बघायचं ते जेटीवरच डाऊनलोड करून न्यावं लागतं, तेही तांडेलाच्या, बोट चालवणाऱ्याच्या, एका फोनवर. खलाशी नेपाळचे, त्यांना हिंदी पाहिजे. जाळं टाकून वाट बघायच्या वेळात चार-पाच डोकी एका स्क्रीनवर. गेल्या मोसमात 'दुपहिया' नेली होती, बिहारच्या गावात हुंड्याची मोटरसायकल चोरीला जाते ती. निम्म्यावर जाळं ओढायची वेळ झाली, आणि तो चोर कोण यावर जाळं वर येईपर्यंत पैजा लागल्या. पुढचे भाग बंदरात आल्यावर कुणीच बघितले नाहीत, सगळे झोपले.

१ ऑगस्टला निघायचं आहे. फोनमध्ये आठ-दहा भागांची जागा आहे. वरचं सगळं वाचलं, 'गुल्लक' भरतोय. अजून एक सांगा, शिव्या असल्या तरी चालतील, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाहीत.