लॉजच्या पैशातून प्राणी रेस्क्यू आणि पाड्यांना मदत, आपल्या नाशकात जमेल का?

पहिनेवाला_३७
नमस्कार मंडळी, जरा लांबडं लिहितोय सांभाळून घ्या. पहिन्याकडे आमची वडिलोपार्जित साडेतीन एकर आहे, थोडा भात थोडी नागली आणि बाकी पडीक. पावसाळ्यात शनिवार-रविवारी त्या रोडला गाड्यांची जी रांग लागते ती बघून मी आणि धाकट्या भावाने ८ खोल्यांचा लॉज काढायचं ठरवलंय, पण नुसतं धबधबा-भजी-डीजे नकोय. मध्ये नामिबियातल्या नानकुसे लॉजबद्दल वाचनात आलं, राजधानी विंडहोकच्या बाहेर आहे, पाहुण्यांच्या पैशातून अनाथ आणि जखमी चित्ते, बिबटे, बबून सांभाळतात आणि तिकडच्या सान आदिवासींसाठी एपुकिरोला दवाखाना, शिवाय लहान पोरांची शाळा. (२०२२ ला कुनोत आले ते ८ चित्ते पण नामिबियाचेच पण दुसऱ्या संस्थेकडचे, गोंधळ नको.) तर आमचा प्लॅन असा की मागच्या अर्ध्या एकरात पिंजरे, जखमी बिबट्या, घुबडं वगैरे तिथे ठेवायची, पाहुण्यांनाही बघता येतील, आणि नफ्यातले ३० टक्के आजूबाजूच्या पाड्यांना. बायको म्हणते आधी लॉज तर चालू दे मग दानधर्म कर. कोणी असं काही केलंय का?

मांजाने_वैतागलेला
भाऊ कल्पना चांगलीये पण पिंजरे आधी डोक्यातून काढा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जखमी बिबट्या तुम्हाला घरी ठेवताच येत नाही, घुबड पण नाही, १९२६ या हेल्पलाइन नंबरवर फोन करून वनखात्याच्या ताब्यात द्यायचा. बिबटे सांभाळायचं केंद्र बघायचं असेल तर जुन्नरजवळ माणिकडोहला आहे, पण तेही असं पाहुण्यांना फिरवून दाखवायची जागा नाही. आणि खरं सांगू का, आपल्याकडे बहुतेक वेळा प्राणी ठेवावाच लागत नाही. निफाड-दिंडोरीकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात ना, ती परत आईला द्यायची असतात. आम्ही गेलो होतो एकदा, द्राक्षाच्या क्रेटमध्ये तीन पिल्लं ठेवली, वर दुसरं क्रेट उलटं टाकलं, जिथे सापडली त्याच सरीत ठेवून कॅमेरा लावला आणि लांब गाडीत बसलो काचा वर करून. थंडी अशी की थर्मासमधला चहा संपल्यावर कोणी बोलेना. पावणेतीनला आई आली, क्रेट पंजाने पाडलं आणि एकेक करून नेली, शेवटचं न्यायला यायला तिला वीस मिनिटं लागली तेव्हा आमचा जीव टांगणीला. त्या रात्रीचा खर्च काय तर डिझेल, बॅटऱ्या आणि चहा. पैसे लागतात ते इथे, मोठे टॉर्च, जाळ्या, डॉक्टरांचं येणं-जाणं. संक्रांतीत तर विचारूच नका, नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे तरी घारी, बगळे, वटवाघळं पंख कापलेल्या अवस्थेत येतातच. तुम्ही जानेवारीत एक गाडी आणि ड्रायव्हर दिलात तरी खूप झालं, पण त्याचे फोटो लॉजच्या पेजवर टाकायचे नाहीत एवढं मात्र बघा 😅

हरसूलची_सरू
मी कोकणा आदिवासी, हरसूलच्या पट्ट्यातली, आता नाशिकला नोकरीला. दादा राग मानू नका पण "पाड्यांना मदत" म्हटलं की आमच्याकडे जुने कपडे आणि ब्लँकेट येतात. मागे एका रिसॉर्टवाल्याने आमच्या पोरांना संध्याकाळी तारपा वाजवून नाचायला बोलावलं, दोन तासाचे अख्ख्या टोळीला पाचशे रुपये आणि उरलेला पुलाव. तो पण मदतच करत होता म्हणे. आमचा प्रॉब्लेम ब्लँकेट नाही, भातकापणी झाली की निम्मा पाडा दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातो कारण इथे काम नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते म्हणून मध्येच येता पण येत नाही, पोरांची शाळा बुडते ती वेगळीच. तुम्ही बारा महिने सहा जणांना कामावर ठेवलं, नागली-वरई-भाजी पाड्यावरून बाजारभावाने घेतली, तर ते ३० टक्क्यांपेक्षा मोठं आहे.

आणि नफा हा शब्दच काढा. पहिली पाच वर्षं तुमचा नफा दिसणारच नाही, कर्जाचे हप्ते, रंगरंगोटी, जनरेटर, मग ३० टक्के कशाचे? एका खोलीमागे एका रात्रीचे अमुक रुपये असं ठरवा, खोली भरली की ते पैसे गावाचे, मग तुम्ही तोट्यात का असेना.

प्राण्यांचं म्हणाल तर आमच्याकडे खोरीपाड्याला गिधाडांचं उपाहारगृह आहे, वनखातं आणि गावाने मिळून केलेलं. मेलेलं जनावर तिथे टाकायचं. फक्त डायक्लोफिनॅक (दुखण्यावरचं औषध) दिलेलं नको, तसलं जनावर गिधाडाने खाल्लं की त्याच्या किडन्या जातात, २००६ ला जनावरांसाठी ते औषध बंद झालं ते त्यामुळेच. पिंजरा नाही, तिकीट नाही. गुरं आमची, म्हणून गिधाडं पण आमची.

हिशोबनीस_गंगापूररोड
सरूताईंनी आमच्या धंद्याची पोल खोलली 😂 नफा न दाखवणं हेच तर आमचं काम. पेरू देशात एक उदाहरण आहे, पोसादा अमेझोनास नावाचा लॉज. गावाचं नाव इन्फिएर्नो म्हणजे चक्क नरक. १९९६ ला गावाने आणि एका पर्यटन कंपनीने वीस वर्षांचा करार केला, नफा ६० टक्के गावाला ४० कंपनीला. तिथे नफ्यावर चाललं कारण गावाची कमिटी कारभारात बसायची. तुम्ही हिशोबाची वही गावाला दाखवणार असाल तर नफा म्हणा, नाहीतर ताई म्हणतात तेच बरोबर.

बाकी लॉज वेगळा ठेवा आणि ट्रस्ट वेगळा, धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदवून. खोलीचं बिल म्हणजे देणगी नव्हे, त्यावर ८०जी ची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती फाडायची नाही, लोक सर्रास फाडतात. आणि बाजूची जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर पार्किंगला म्हणून नुसती भाड्याने घ्यायची तरी कलेक्टरची परवानगी लागते, जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ. शंभराच्या स्टॅम्पवर सह्या घेऊन देणारे एजंट भेटतील, त्यांना लांब ठेवा.

पहिनेवाला_३७
पार्किंगसाठी बाजूचीच घेणार होतो आणि एजंट पण भेटलाय 🙈 बरं झालं विचारलं. पिंजरे कॅन्सल. खोलीमागे रात्रीचे २०० धरले तर चालतील का? सरूताई, मला आधी जवळच्या पाड्यावर जाऊन बोलायचंय, डिसेंबरात येऊ का?

हरसूलची_सरू
२०० की ३०० ते मी कोण सांगणार, त्यांनाच विचारा. डिसेंबरात म्हातारी माणसं आणि कोंबड्याच भेटतील. शिमग्याला जा, तेव्हा कामावर गेलेले सगळे घरी येतात. गाडी रस्त्यालाच लावा आणि ब्लँकेट नेऊ नका.