मोटरहोम घ्यावयाचे आहे: सुरुवात कोठून करावी आणि कॅम्पिंग क्लब कसा निवडावा?

प्रश्न: अंत्रूजकर, फोंडा

मी व माझी पत्नी पुढील वर्षी निवृत्त होत आहोत. त्यानंतर दक्षिण कोकण, कोल्हापूरचा परिसर आणि कर्नाटकातील बदामी-ऐहोळेपर्यंतचा मुलूख हॉटेलांचे आरक्षण आणि परतीची घाई यांत न अडकता सावकाश पाहावा, या इच्छेने आम्ही मोटरहोम, म्हणजे आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेण्याच्या विचारात आहोत. पत्नीचे गुडघे दुखतात, त्यामुळे शौचालय गाडीतच असणे ही आमची पहिली गरज आहे. बाकी सोयींबाबत आम्ही आग्रही नाही. एका कारागिराने जुनी ट्रॅव्हलर (प्रवासी मिनीबस) घेऊन ती आतून बांधून देण्याची तयारी दाखविली आहे आणि तयार गाडीच्या मानाने ते काम बरेच स्वस्त पडते. हा मार्ग योग्य आहे का? दुसरे असे, की माझा भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो. त्याचे म्हणणे, गाडीच्या आधी क्लब निवडा. येथेही वर्गणी घेऊन सभासद करून घेणारे काही गट आहेत. त्यांची पारख कशावर करावी?

उत्तर १: बारदेशकर, म्हापसा

स्वस्त पडते म्हणून जुनी ट्रॅव्हलर बांधून घेण्यापूर्वी कागदपत्रांचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. आसने काढून पलंग, ओटा आणि टाक्या बसविल्या, पण आरसीवर ती प्रवासी वाहन म्हणूनच राहिली, तर नाक्यावर अडचण येतेच. खरे संकट मात्र अपघातानंतर विम्याच्या दाव्याच्या वेळी उभे राहते. मोटर कॅराव्हॅनसाठी (नियमांत मोटरहोमला हेच नाव आहे) एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. बसण्याची जागा व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटे एवढ्या गोष्टी मोटर कॅराव्हॅनच्या व्याख्येतच येतात आणि टेबल सोडल्यास त्या पक्क्या बसविलेल्या असाव्या लागतात. म्हणून लाकूड आणि रंग यांच्या गोष्टी पुढे बोलाव्यात. आधी या मानकाची मंजुरी कोणाच्या नावे आहे आणि आरसीवर वाहनाचा प्रकार काय लिहून येईल, हे त्या कारागिराकडून लेखी घ्यावे. तो लेखी देत नसेल, तर तेथेच थांबावे.

परवान्याची चिंता आपल्याला बहुधा पडणार नाही, कारण हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतची गाडी चालविता येते. पण वजनाची चिंता जरूर करावी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात सांडपाण्याची टाकी, बॅटरी, प्लायवूडची कपाटे, सिलिंडर आणि दोन माणसांचे सामान मिळवले, की मंजूर वजनाची मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळत नाही. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना त्याचा सगळा ताण ब्रेकवर येतो. सामान व पाणी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे करून घ्यावे, असे मी प्रत्येक नव्या मालकाला सांगतो.

विजेच्या बाबतीत विक्रेते फार मोठी स्वप्ने दाखवितात. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत सुमारे अडीच युनिट वीज मावते, आणि एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे बाहेरून वीज घेतल्याशिवाय रात्रभर एसी चालणार नाही. छपरावरच्या सौर पॅनेलांचाही आपल्याकडे पावसाळ्यात फारसा आधार नसतो. दिवे, पंखे, पाण्याचा पंप आणि लहान फ्रिज यांना ती बॅटरी उत्तम पुरते. एप्रिल-मेमध्ये किनारपट्टीवर न थांबता घाटमाथ्यावर जावे, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

जुनीच गाडी घ्यायची ठरल्यास ती भर पावसाळ्यात, तेही मोठी सर येऊन गेल्यावर पाहावी. छपराच्या झरोक्यांभोवती, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत आणि पलंगाखालच्या प्लायवूडवर हात फिरवून ओल पाहावी, कारण आपल्या हवेत एकदा आत शिरलेले पाणी सुकत नाही आणि बुरशी भिंतीच्या आतून पसरते. गाडी किनाऱ्याजवळ उभी राहत असे का, ते विचारून गाडी गॅरेजातील लिफ्टवर चढवून खालचा सांगाडा तपासावा. टायरची नक्षी शाबूत असली तरी फसू नये. कडेवरच्या चार आकड्यांवरून बनावटीचा आठवडा व वर्ष कळते, आणि वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर न झिजताही तडकलेले असतात.

उत्तर २: सासष्टीकर, मडगाव

मी अनेक वर्षे स्विंडनला राहून परत आलो आहे, म्हणून क्लबापुरते लिहितो. आपल्या भाच्याचा सल्ला तेथे अगदी बरोबर आहे. तेथे कॅम्पिंग अँड कॅराव्हॅनिंग क्लब १९०१ पासून आणि कॅराव्हॅन क्लब १९०७ पासून आहे. दुसऱ्याने २०१७ मध्ये आपल्या नावात मोटरहोम हा शब्द घातला. त्यांची स्वतःची मोठी तळस्थळे आहेतच, पण मला त्यांचे खरे वैभव वाटले ते लहान जागांमध्ये. १९६० च्या कायद्याने मान्यताप्राप्त संस्थांना काही सवलती दिल्या आहेत, त्यामुळे एखादा शेतकरी क्लबाच्या प्रमाणपत्रावर आपल्या जमिनीत पाच गाड्यांपर्यंत सभासदांना उतरवून घेऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला वेगळा परवाना काढावा लागत नाही. पाण्याचा नळ आणि शौचालयाची पेटी (गाडीतील शौचालयाखालची मैला साठविणारी पेटी) रिकामी करण्याची जागा एवढेच पुष्कळ ठिकाणी असते, आणि तेवढे पुरते. तेथे वर्गणी भरणे म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचा हक्क मिळविणे होय, म्हणून क्लब आधी.

आपल्याकडे कोणत्याही क्लबाला असा कायदेशीर अधिकार नाही. त्यामुळे येथे वर्गणीच्या बदल्यात नेमके काय मिळते, हे आपणच विचारून घ्यावे लागते. माझ्या मते पहिला प्रश्न असा असावा, की मुक्कामाच्या जागांची यादी आहे का, आणि त्या जागांच्या मालकांनी लेखी संमती दिली आहे का. केवळ नकाशावरच्या खुणा असतील, तर त्या कोणालाही फुकट मिळतात. त्यानंतर तेथे पाणी, विजेची जोडणी आणि मैला रिकामा करण्याची सोय आहे का, आणि जाण्याच्या वाटेवर खाली लोंबणाऱ्या तारा किंवा अरुंद साकव आहेत का, ते पाहावे. सर्वांनी एकत्र निघण्याच्या ताफ्यांवर भर देणारे गट तरुणांना आवडतात. आपल्याला सावकाश फिरायचे असल्याने ते जाचक होण्याचा संभव आहे. तेथील क्लब नव्या मालकांना गाडी मागे घेण्याचे, वळविण्याचे प्रशिक्षण देतात. येथील एखादा गट एवढे जरी करीत असेल, तरी मी त्याला वर्गणी देईन.

वर्षभराची वर्गणी भरण्याआधी पाहुणे म्हणून त्यांच्या एका मुक्कामाला जाऊन यावे. सकाळी निघताना जागा कशी सोडली जाते, यावरून तो क्लब कळतो. गाडीही आधी भाड्याने घेऊनच अनुभवावी, आणि ती पांढऱ्या पाटीची खासगी गाडी नसावी. भाड्याने स्वतः चालवायच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, हे आपण गोव्यात रोजच पाहतो.

उत्तर ३: सत्तरीकर, वाळपई

सासष्टीकरांनी सांगितलेल्या पाच गाड्यांच्या जागा आपल्याकडच्या कुळागरांत (पोफळी-नारळाच्या बागांत) सहज होऊ शकतील, असे मला मनापासून वाटते. सावली आहे, बारमाही पाणी आहे आणि घरचे माणूस जवळ आहे. माझ्या कुळागरात ओळखीची मंडळी गाडी घेऊन राहतात. माझी एकच अट असते: शौचालयाच्या पेटीत फॉर्मल्डिहाइड असलेले रसायन नको. ते सेप्टिक टँकमधील जिवाणू मारते. मैला ओहोळात किंवा पोफळीच्या आळ्यात ओतणे तर कधीच चालणार नाही.

गोव्यात किनाऱ्यावर गाडी उतरविण्यास बंदी आहे, आणि पर्यटनस्थळांविषयीच्या २००१ च्या कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा ठिकाणी उघड्यावर स्वयंपाक केल्यास दंड होतो. रस्त्याकडेची मोकळी जमीन बहुधा कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) किंवा एखाद्या भाटकाराची (जमीनदाराची) असते, म्हणून तेथेही विचारल्याशिवाय थांबू नये. देवस्थानाच्या आवारात थांबायचे असल्यास समितीच्या कार्यालयात दिवसाउजेडी जाऊन विचारावे. जेथे अग्रशाळा (देवळाची यात्रेकरूंना उतरण्याची जागा) आहे तेथे खोली घेऊन गाडी आवारात ठेवणे सर्वांनाच सोयीचे जाते.

अंत्रूजकर, फोंडा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. कारागिराकडून मंजुरीचे कागद मागविले आहेत, आणि ते येईपर्यंत आगाऊ रक्कम देणार नाही. दिवाळीनंतर भाड्याची गाडी घेऊन घाटमाथ्यावर जाऊन यावे, असे ठरले आहे. एक शंका उरते: घरचा गॅस सिलिंडर गाडीत ठेवता येईल का?

बारदेशकर, म्हापसा

घरगुती जोडणीचा सिलिंडर गाडीत नेऊ नये. खुल्या विक्रीचा पाच किलोचा मिळतो, तो घ्यावा. तो बाहेरून उघडणाऱ्या बंद कप्प्यात उभा बांधलेला असावा. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने कप्प्याच्या तळाशीच बाहेर उघडणारे छिद्र लागते. वरची जाळी गळतीच्या वेळी उपयोगी पडत नाही. शेगडी पेटवताना छपराचा झरोका उघडा ठेवावा, झोपण्यापूर्वी सिलिंडरची कळ बंद करावी आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र पलंगाजवळ बसवून घ्यावे. भाड्याच्या गाडीतही ताबा घेताना हे सर्व उघडून पाहावे.