टोकियोत एकच दिवस, सोबत आईचे गुडघे

अभि_सातारा

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामासाठी सध्या योकोहामात आहे. नोव्हेंबरच्या शेवटी आई येतेय. वय ६८, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण "एवढ्या लांब येऊन घरात बसायला का आले?" हा बाणा. पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. मला सुट्टी अशी एकच मिळतेय, शनिवारची. म्हणजे टोकियो दाखवायला एक दिवस.

यादी केलीय: सेन्सोजी मंदिर, स्कायट्रीचा मनोरा, उएनो, राजवाड्याची बाग, आकिहाबाराचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार, टोकियो टॉवर, मेइजी मंदिर, शिबुयाचा चौक. नकाशावर सगळं हाताच्या अंतरावर दिसतंय आणि गाड्या तर दर तीन-चार मिनिटांनी. बसेल ना एका दिवसात?

घाईवाला_गण्या

न बसायला काय झालं! मी २०१९ मध्ये नऊ ठिकाणं केली होती. सकाळी सहाला बाहेर पडायचं, रात्री अकराला परत. यामानोते लाइन धरून ठेवा. तीस स्टेशनांची रिंगण गाडी आहे, तासाभरात अख्खं शहर फिरवून आणते. उतरा, फोटो काढा, पुढची पकडा. माझ्या मोबाइलने त्या दिवशी ३४ हजार पावलं दाखवली होती.

निशिकासाईकर

गण्या, ३४ हजार पावलांतली चार हजारसुद्धा अभिच्या आईला परवडायची नाहीत.

अभि, मी अकरा वर्षं निशि-कासाईत काढली. एदोगावा वॉर्डातला हा भाग. २००० च्या आसपास संगणकवाली आपली मंडळी तिथे राहायला आली ती तिथलीच झाली. योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस २०१९ मध्ये त्या वॉर्डाच्या सभेवर निवडूनही आला. सांगायचा मुद्दा, घरी आलेल्या पाहुण्यांना टोकियो दाखवायचं काम मी बरंच केलंय आणि सगळ्यात वाईट केलं ते माझ्याच आईच्या बाबतीत. सात ठिकाणांची यादी होती. पाचव्याच्या वाटेवर शिंजुकु स्टेशनात गाडी बदलायची होती. त्या स्टेशनाला दोनशेच्या वर दरवाजे आहेत, आम्ही चुकीच्या दरवाजाने निघालो आणि वीस मिनिटं जमिनीखालीच फिरत राहिलो. शेवटी आई लॉकरांच्या शेजारी पिशवी टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "तुझं टोकियो तू बघून ये. मी इथे आहे."

टोकियोत पाय मोडतात ते मंदिरात किंवा बागेत नाही, स्टेशनात. एका लाइनवरून दुसरीवर जायचं म्हणजे बोगदे, जिने, पुन्हा बोगदे. म्हणून ठिकाणं मोजू नका, गाड्या किती वेळा बदलायच्या ते मोजा.

दुसरं, नोव्हेंबरच्या शेवटी तिथे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. आपल्या सवयीने "संध्याकाळी सहापर्यंत बाग बघू" असं धरलंत तर फसाल. उजेडात बघायचं ते सगळं साडेतीनच्या आत आणि अंधारात शोभणारं एकच काहीतरी शेवटी.

मी असं करीन. योकोहामाहून केइक्यू लाइनच्या काही गाड्या थेट आसाकुसापर्यंत, म्हणजे सेन्सोजीच्या भागापर्यंत जातात, तशी गाडी बघून ठेवा. मध्ये उतरायचं नाही. सेन्सोजीला आठपर्यंत पोचा. हिवाळ्यात मुख्य मंदिर साडेसहाला उघडतं. दुकानं तेव्हा बंद असतात, पण आईला मंदिरापुढची ती अडीचशे मीटरची गल्ली रिकामी चालता येते, धक्के न खाता. दारावरचा तो लाल आकाशकंदील सातशे किलोंचा आहे. मंदिरापुढे धूप जळणारी मोठी कढई दिसेल. आपला जो अवयव दुखतो त्यावर तो धूर हाताने ओढून घ्यायचा अशी तिथली रीत. गुडघ्यांचं सांगायला नकोच. चिठ्ठीतलं भविष्य मात्र शक्यतो काढू देऊ नका. या मंदिरात 'वाईट' निघायचं प्रमाण बरंच आहे. निघालंच तर ती चिठ्ठी तिथल्याच तारेला बांधून यायची, म्हणजे संकट तिथेच राहतं.

आता खरी गंमत. मंदिरापासून दहा मिनिटांवर, नदीजवळ, छोट्याशा टेकडीवर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. सेन्सोजीचंच उपमंदिर. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला. मूर्ती कायम झाकलेली, दर्शन कुणालाच नाही. आणि या गणपतीला वाहतात काय? मुळा! पांढरा, लांबलचक, मनगटाएवढा. मुळे तिथेच विकत मिळतात. देवळावर जागोजागी मुळ्याची आणि बटव्याची चिन्हं कोरलेली आहेत. माझी आई आधी हसली, मग एक मुळा घेऊन वाहिला आणि अथर्वशीर्ष म्हटलं. शेजारी एक जपानी आजी हात जोडून उभ्या होत्या, त्या संपेपर्यंत हलल्या नाहीत. अख्ख्या जपानातून आईने गावी जाऊन सगळ्यांना सांगितलं ते हेच. टेकडी चढायला पायऱ्या आहेत, पण पार्किंगपासून वर नेणारा छोटा पाळणा आहे, रुळावरून चालणारा. पैसे लागत नाहीत. तिथे जायला सरळ टॅक्सी करा. सुरुवातीचं भाडं पाचशे येन, तेवढ्यातच होईल. दार आपोआप उघडतं, ओढायला जाऊ नका.

मग आसाकुसाच्या धक्क्यावरून सुमिदा नदीतली बोट. पाऊणएक तास नुसतं बसायचं. अझुमा पूल लाल, कोमागाता निळा, कुरामाए पिवळा. पुढचे काही पूल १९२३ च्या भूकंपानंतर बांधलेले. काही बोटी हामारिक्यू बागेच्या धक्क्याला लागतात, तिकीट काढताना तेवढं विचारून घ्या. ही शोगुनांची, म्हणजे जुन्या लष्करी राज्यकर्त्यांची, बदकांच्या शिकारीची जागा होती. तळ्यात समुद्राचं पाणी आहे, भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतं. तळ्याच्या मध्यावर चहाघर आहे. हिरवा कडू चहा आणि सोबत एक गोड वडी. वडीतलं सारण म्हणजे घट्ट पुरणच, फक्त लाल चवळीसारख्या दाण्याचं. आईंना नक्की आवडेल.

तिथून टॅक्सीने शिंबाशी, तिथून गिंझा लाइनने शिबुया. ही आशियातली सगळ्यात जुनी भुयारी रेल्वे, १९२७ ची, पिवळी गाडी. मजा म्हणजे शिबुया खोलगट भागात असल्याने भुयारी गाडी तिथे चक्क तिसऱ्या मजल्यावर येते. पाचच्या सुमाराला पोचलात तर चौकातले दिवे लागलेले असतील. हाचिको कुत्र्याच्या पुतळ्याजवळ बसून चौक बघा. त्याची गोष्ट आधीच सांगून ठेवा: मालक १९२५ मध्ये गेला आणि हे कुत्रं १९३५ पर्यंत स्टेशनाबाहेर वाट बघत राहिलं. परतीला तोयोको लाइन, थेट योकोहामा, अर्ध्या तासाच्या आत. तिचा फलाट जमिनीखाली पाचव्या मजल्यावर आहे, तेव्हा लिफ्टची पाटी आधी शोधा, मग चाला.

स्कायट्री बोटीतून दिसतोच. वर जायची गरज नाही. आकिहाबारात आईंनी काय करायचं?

घाईवाला_गण्या

हरलो. पण मुळावाला गणपती मला कसा कुणी सांगितला नाही?

भाकरी_आणि_मिसो

जेवणाचं मी सांगतो. "व्हेजिटेरियन" म्हणून काही उपयोग नाही. समोरचा हसून मान डोलावतो आणि माशाच्या पाण्यात शिजवलेल्या शेवया आणून ठेवतो. त्या पाण्याला दाशी म्हणतात. सुकवलेल्या माशाचे पापुद्रे उकळून करतात आणि मिसो सूप, उदोन, भाज्या, सगळीकडे असते. मासा दिसत नाही, म्हणून आपण फसतो. "निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देसु", म्हणजे "मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही", हे कागदावर जपानीत लिहून घ्या आणि दाखवा.

त्यापेक्षा दुपारचा डबा घरून न्या. धपाटे, चटणी, केळी, बागेतल्या बाकावर बसून खायचं. चालता चालता खाणं तिकडे बरं दिसत नाही, आणि कचऱ्याचे डबे जवळपास नाहीतच, तेव्हा रिकामी पिशवी ठेवा. सेन्सोजीच्या गल्लीत कामिनारी-ओकोशी मिळते, आपल्या चुरमुऱ्याच्या चिक्कीची सख्खी बहीण. बाहुल्यांच्या आकाराचे गरम केक मात्र नकोत, त्यात अंडं असतं.

अभि_सातारा

निशिकासाईकर ताई, यादी फाडली. तुमचा बेत जसाच्या तसा घेतोय. काल फोनवर आईला सगळं वाचून दाखवलं. शिबुया, बोट, कुत्रं, कशातच रस नाही. मुळ्यावर गाडी अडली. म्हणाली, "मुळा तर मुळा, देवाला आवडतो म्हटल्यावर वाहू. पण दूर्वा कुठे मिळतील तेवढं विचार."

निशिकासाईकर

मिळणार नाहीत. आणि हामारिक्यूच्या हिरवळीतून उपटू देऊ नका. माझ्या आईने उपटल्या होत्या. माळीबुवा कमरेत वाकून, हात पुढे बांधून, अतिशय आदराने पाच मिनिटं काहीतरी बोलत होते, आणि आईला वाटलं ते आशीर्वाद मागताहेत.