गुडमारच्या कॅप्सूल आणि शुगरची गोळी

बी-४०२: नमस्कार मंडळी. शुगरसाठी गुडमार या वेलीच्या अर्काच्या कॅप्सूल कुणी घेतंय का? शुगरच्या रक्ततपासणीत माझं एचबीए१सी ७.८ आलंय. महिनाभर गोळी बंद ठेवून हेच घेऊन बघावं म्हणतो.

ए-१०१: काका, बिनधास्त घ्या. झाडपाल्याचं आहे, अपाय काही नाही.

सी-२०५: काका, थांबा. गोळी बंद करू नका, हात जोडते. गेल्या वर्षी आईची ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू होती आणि तिने आम्हाला न सांगता हाच अर्क सुरू केला. आठव्या दिवशी दुपारी बघते तर पलंगाच्या कडेला बसलेली, ब्लाउज घामाने चिंब, हातात पेला धरवेना. मीटरवर साखर ५८, फारच कमी! तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. १५ मिनिटांनी परत टोचलं तेव्हा ८४. डॉक्टर म्हणाले, गोळीचा आणि अर्काचा परिणाम एकत्र झाला असणार. आणि महिन्याभरात एचबीए१सीवरून नीट कळणारही नाही हो, तो आकडा साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो.

ए-१०१: सॉरी ताई, मी घाईत लिहिलं. पण मग वनस्पतींचा उपयोगच नाही का?

सी-२०५: आहे ना! म्हणून तर एवढं लिहितेय. मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीचं मूळच एका रोपात आहे. गॅलेगा नावाचं ते रोप युरोपात पूर्वीपासून औषधात वापरायचे. त्यातलं गॅलेगिन साखर उतरवतं, पण विषारी. त्याच्याच जातकुळीतलं सौम्य रसायन म्हणजे मेटफॉर्मिन. १९५७ साली झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहींवर वापरून निष्कर्ष छापले. डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या दुसऱ्या गोळीचंही तसंच, सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिनवरून सुचलेलं. फरक एवढाच की गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते पक्कं असतं. अर्काच्या दोन बाटल्यांवर नाव एकच, आत ताकद वेगळी असू शकते.

डी-३०३: गुडमारचं पान मी चघळलंय. नंतर साखर तोंडात टाकली तर निव्वळ वाळू! गोडवा गायब, बराच वेळ.

सी-२०५: हो, त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोडाची जाणीवच अडवतात. रक्तातली साखरही थोडी उतरल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, पण ते अभ्यास लहान आहेत. तेवढ्यावर गोळी सोडणं मला पटत नाही.

डी-३०३: आणि मेथीदाणे?

सी-२०५: त्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंचा पाण्यात बुळबुळीत गोळा होतो, म्हणून जेवणातली साखर रक्तात हळूहळू मिसळते. गोळीपासून तास-दोन तास लांब ठेवा, नाहीतर तीही नीट शोषली जात नाही. कारल्याचा अर्क गरोदरपणी नको. आणि टाइप १ मधुमेहवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्यांनी, तर इन्सुलिन कुठल्याही काढ्यासाठी थांबवू नये, जिवाशी खेळ आहे तो.

बी-४०२: बरं झालं विचारलं. गोळी आत्ताच घेतली. उद्या डॉक्टरांकडे जातोय, बाटली सोबत नेतो.

सी-२०५: नक्की न्या काका, लेबल वाचू दे त्यांना. आठवडाभराचे उपाशीपोटीचे आणि जेवणानंतर दोन तासांचे आकडेही कागदावर लिहून न्या. आणि काकूंना आजच सांगून ठेवा, घाम सुटून हात थरथरले तर आधी साखर, मग फोन.