‘सोपा विषय’ म्हणे! टीयूआरपी, सातवा दिवस आणि उंचावलेलं जीवनमान

निशाचर
एमएस्सी नर्सिंगच्या मुलांसाठी ‘सोपे विषय’ सुचवणारी पोस्ट काल सगळीकडे फिरत होती. त्यातला तिसरा विषय असा : टीयूआरपीचे (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून वाढलेली प्रोस्टेट खरवडण्याच्या ऑपरेशनचे) पेशंट घ्या, भरतीच्या दिवशी डब्ल्यूएचओ-क्यूओएल ब्रेफ (जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानाची छोटी प्रश्नावली) भरून घ्या, पाऊण तासाचा स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम, म्हणजे ठरावीक साच्यातलं शिकवणं, द्या, सातव्या दिवशी तोच फॉर्म पुन्हा भरा. स्कोअर वाढणारच, पी व्हॅल्यू (फरक योगायोगाचा नाही असं दाखवणारा आकडा) हवी तशी येणारच, डिझर्टेशन पास. खाली सगळ्यांचे नमस्कार आणि ‘पीडीएफ मिळेल का’.

अरे, निदान तो फॉर्म तरी वाचा. ब्रेफमध्ये २६ प्रश्न आहेत आणि ते गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. सातव्या दिवशी विचारलं तर त्यातला अर्धा काळ ऑपरेशनच्या आधीचा. मग पेशंट नक्की कशाबद्दल उत्तर देतोय? आयपीएसएस, म्हणजे प्रोस्टेटच्या त्रासाची गुणांची प्रश्नावली, वापरलात तर आणखी घोळ, तो गेल्या महिन्याबद्दल विचारतो.

दुसरं, लघवी तुंबून महिनाभर नळी लावून फिरलेल्या माणसाची प्रोस्टेट खरवडली, दोन-तीन दिवसांत नळी निघाली आणि तो स्वतःच्या पायाने संडासात जाऊन मोकळा झाला. त्याचा स्कोअर कोणी काही न शिकवताही वाढतो. ते श्रेय प्रोस्टेट खरवडणाऱ्या दुर्बिणीचं, रिसेक्टोस्कोपचं, आपल्या फ्लिपचार्टचं नाही. तुलनेला न शिकवलेला गट, म्हणजे कंट्रोल ग्रुप, नाही, त्यामुळे दोन्ही वेगळं करायची सोयच नाही.

आणि पेशंटला जे खरोखर छळतं ते सातव्या दिवसानंतर सुरू होतं. घाईची लघवी, जळजळ, दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास खपली सुटून पुन्हा लाल लघवी. कुंथल्यावर हमखास. घरचे घाबरून रात्री कॅज्युअल्टीत आणतात. बहुतेकांचं वीर्य पुढे बाहेर न येता मूत्राशयात जातं, हे त्यांना कोणी आधी सांगितलेलं नसतं. मोजायचं तर सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी मोजा. आयपीएसएसचे सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ५. त्यांना जोडलेला आठवा, ‘उरलेलं आयुष्य लघवीची हीच स्थिती राहिली तर कसं वाटेल’, ० ते ६. जीवनमान त्या आठव्यात आहे आणि नेमकं तेच कोणी वेगळं मांडत नाही.

गाईडमॅडम
ती पोस्ट माझी नाही, पण उत्तर मी देते, कारण असले टोमणे आम्हीच खातो. दोन वर्षांचा कोर्स. त्यात सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), एथिक्स कमिटी, परवानग्या, आणि डेटाला हातात मिळतात चार ते सहा आठवडे. तीन महिन्यांचा फॉलोअप कोणी घ्यायचा? टाके नाहीत, दुखत नाही, की पेशंट गावी गेला आणि विषय संपला. फोन लावला तर मुलगा उचलतो आणि म्हणतो, ‘बाबा बरे आहेत’. भरा आता त्यावर आठवा प्रश्न.

कंट्रोल ग्रुपचं म्हणाल तर एकाच वॉर्डात सहा नंबरच्या कॉटला शिकवलं की सात नंबर ऐकतोच. माहितीपत्रक तर दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डात पोचतं. आणि ज्ञान ही पहिली पायरी असते. ती तरी मोजतोय ना?

आकडेमोड
तुमच्या अडचणी खऱ्या आहेत, त्यावरचा उपाय खोटा आहे. शेजारच्या कॉटची भीती असेल तर एकाच वेळी दोन गट करू नका. पहिले दोन महिने वॉर्डात जे चालतं तेच चालू द्या आणि मोजा. मग मधली पलटण घरी जाईपर्यंत दोन आठवडे सोडा. त्यानंतर दोन महिने शिकवून मोजा. ऋतू बदलला, रेसिडेंट बदलले असे आक्षेप येतील, पण ‘आधी-नंतर, तोच माणूस’ यापेक्षा हे शंभरदा बरं. सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सची भारतीय नोंदवही, तिथली नोंदणी मात्र पहिला पेशंट घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागच्या तारखेने नोंदणी मिळत नाही, तरी लोक थिसिस बांधून झाल्यावर चौकशीला येतात.

आणि ‘ज्ञान’ म्हणजे काय? ज्या वीस वाक्यांत शिकवलं त्याच वीस वाक्यांचे प्रश्न. याला आमच्याकडे पाठांतर म्हणतात. शिवाय आयपीएसएस २० च्या वर असलेलेच निवडले तर काहीही न करता पुढच्या खेपेला सरासरी खाली येते, कारण माणूस त्रास टोकाला गेल्यावरच दवाखान्यात येतो. आणि खाली आली तरी किती? साधारण ३ गुणांपेक्षा कमी फरक पेशंटला जाणवतसुद्धा नाही. पी व्हॅल्यू ठळक छापता, हा आकडा शोधूनही सापडत नाही.

मूत्रवैद्य
वाचून करमणूक झाली. जीवनमान वगैरे ठीक आहे. राउंडला गेलो की दहातल्या सहा नळ्या मांडीला चिकटवलेल्या नसतात, युरोबॅग (लघवीची पिशवी) फरशीवर लोळत असते, कल्चरचं सँपल बॅगच्या तोटीतून काढलेलं असतं. आधी हे करा, मग प्रश्नावल्या वाटा. आणि नळी काढायच्या आदल्या दिवशी दोन-दोन तासांनी क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावून ब्लॅडर ट्रेनिंग, म्हणजे मूत्राशयाला भरण्याची सवय, द्या असं लिहून दिलं, तर तेही होत नाही.

ब्रदर_सातारा
बरं झालं सर, तुम्हीच विषय काढलात. मांडीला चिकटवायची पट्टी इंडेंटमध्ये (स्टोअरच्या मागणीपत्रात) मागितली की ‘मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) वापरा’ असं उत्तर येतं. घामाने मायक्रोपोर संध्याकाळपर्यंत सुटतो. महिनोन्महिने नळी ओढली जाऊन शिश्नाचं टोक खालून चिरत जातं. हे आम्हाला दिसतं, राउंडला चादर वर करून कोणी बघत नाही.

आता क्लॅम्प. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, सीडीसीच्या, २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे : नळी काढण्याआधी क्लॅम्प करायची गरज नाही. तरी ऑर्डर शीटवर ‘क्लॅम्प क्यू टू एच’ (दर दोन तासांनी) छापल्यासारखं येतं. होतं काय, ते सांगतो. दुपारी दीडला क्लॅम्प लावला, दोनला शिफ्ट बदलली, हँडओव्हरमध्ये राहून गेलं, साडेपाचला म्हातारा पोट धरून ओरडतोय, सोडल्यावर नऊशे मिली. आणि पेशंट मणक्याच्या इजेचा असेल, इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल, तर भरलेल्या मूत्राशयाने बीपी भडकतं, डोकं फुटायला येतं, मेंदूत रक्तस्रावापर्यंत जाऊ शकतं. हे ट्रेनिंग?

मूत्रवैद्य
क्लॅम्प विसरलात हा क्लॅम्पचा दोष? चांगला न्याय आहे. तीस वर्षं हेच चालत आलंय आणि पेशंट मुततायत. दोन आठवडे रिकाम्या राहिलेल्या मूत्राशयाला भरल्याची जाणीव परत द्यावी लागते, एवढी साधी गोष्ट आहे.

रात्रपाळी
‘चालत आलंय’ हा पुरावा आम्ही दिला असता तर तुम्ही हसला असता, सर. नळी काढायच्या पद्धतींवर कोक्रेनचा (सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) आढावा आहे, २००७ चा, आणि तो परिचारिकांनीच केलेला. २०२१ ला तो नव्याने आला. क्लॅम्पचा ठोस फायदा त्यात दिसत नाही. उलट नळी पहाटे काढण्याऐवजी रात्री उशिरा काढण्याच्या बाजूने थोडं वजन आहे. सकाळी सहाची वेळ तुमच्या राउंडच्या सोयीची आहे, मूत्राशयाच्या नाही.

गाईडमॅडम
विषय टीयूआरपीच्या जीवनमानाचा होता. कुठे गेला?

ब्रदर_सातारा
तो नळीत अडकला. आता निघालाच आहे तर पूर्णच होऊ दे.

नळीच्या बाजूने गळतं म्हणून १६ नंबरची काढून १८, मग २० अशी जाड नळी घालायची, ही दुसरी परंपरा. बाजूने गळण्याचं कारण बहुतेक वेळा मूत्राशयाचे झटके असतात, किंवा नळी मुडपलेली, गाळाने तुंबलेली, किंवा पोट चार दिवस साफ नाही. मोठ्या नळीने झटके वाढतात. आधी नळी पार मांडीखालपर्यंत बघा, बद्धकोष्ठ काढा, मग झटक्यांची गोळी सरांना विचारा.

बलून, म्हणजे नळी आत धरून ठेवणारा टोकाचा फुगा : डब्यावर ५ मिली लिहिलेलं असलं तरी १० मिली स्टराइल वॉटर, कारण थोडं पाणी वाहिनीतच राहतं आणि अर्धवट बलून एका बाजूला कलतो. सलाइन नको, त्याचे खडे वाहिनीत अडकले की बलून रिकामा होत नाही आणि मग पहाटे तीनला युरोचा रेसिडेंट शोधत बसा. लिग्नोकेन (बधिर करणारी) जेली टोकाला बोटभर चोपडून भागत नाही. पुरुषात १० मिली आत सोडा आणि तीन ते पाच मिनिटं थांबा. लघवी दिसल्यावरही नळी वाय-पर्यंत (ती जिथे दोन फाट्यांत फुटते तिथपर्यंत) आत सरकवल्याशिवाय बलून फुगवायचा नाही. पेशंट कळवळला तर थांबा, बलून मूत्रमार्गात आहे. आणि शेवटी शिश्नाची मागे सारलेली कातडी पुढे आणा. इंटर्न ते विसरतो, दुसऱ्या दिवशी कातडी मागे अडकून सुजलेली, आणि पुस्तकात नाव ड्यूटीवरच्या सिस्टरचं.

मूत्रवैद्य
यातलं एकही चुकीचं नाही. तुमच्यासारखे दोन ब्रदर वॉर्डात असते तर मी क्लॅम्प लिहिलाच नसता. घ्या, एवढी पावती देतो.

निशाचर
सर, पावती नको, पट्टीच्या इंडेंटवर सही द्या.

अंगणवाडीच्या_पलीकडे
सगळा धागा पुरुषांच्या नळीवर. खोकल्यावर, पाण्याची घागर उचलल्यावर ज्या बायांची लघवी सुटते त्यांचं जीवनमान कुठल्या धाग्यात? त्या ओपीडीत येतच नाहीत, कारण त्यांना वाटतं बाळंतपणानंतर हे असंच असतं. लग्नाला जात नाहीत, एसटीने लांब जायचं टाळतात, दिवसभर पाणी कमी पितात. विचारायला आयसीआयक्यू या लघवी सुटण्यावरच्या प्रश्नावलीचा छोटा फॉर्म आहे : किती वेळा, किती, आणि त्याने रोजच्या जगण्यात किती अडतं. गुण २१ पैकी. पाच मिनिटांत होतं.

पण शिकवणं बघा. केगेलच्या (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायच्या व्यायामाच्या) पत्रकावर अजून लिहितात, ‘लघवी मध्येच थांबवून रोज सराव करा’. स्नायू कुठला ते ओळखायला एखाददा ठीक, रोज केलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. बाई श्वास रोखते, पोट आणि कुल्ले आवळते, खाली जोर देते. म्हणजे पाहिजे त्याच्या उलट. पोस्ट-टेस्टला मात्र वीसपैकी अठरा. बोटाने तपासून पकड किती आहे, ऑक्सफर्डच्या ० ते ५ श्रेणीत, हे कोणी बघितलं? एका वेळी निदान ८ आकुंचनं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. सातव्या दिवशी मोजणाऱ्यांनी इथे यावं.

गाईडमॅडम
बोटाने तपासायची परवानगी एमएस्सीच्या मुलीला आमच्या एथिक्स कमिटीने दिली तर पेढे वाटीन. तरी रिकॉलचा, म्हणजे किती मागच्या काळाचं विचारायचं हा, मुद्दा घेते. ब्रेफ सातव्या दिवशी नको, ठीक. पण एक सांगा, वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्याकडून आयपीएसएस कसा भरून घ्यायचा? मुलगी वाचून दाखवते, तो ‘हो हो’ म्हणतो, आणि ती मनाने ३ वर खूण करते. हे सगळीकडे होतं, कोणी लिहीत नाही.

आकडेमोड
चित्रांचा स्कोअर आहे ना, व्हीपीएसएस. दक्षिण आफ्रिकेतून २०११ मध्ये आला. दिवसाची वारंवारिता, रात्रीची वारंवारिता, धारेचा जोर आणि चेहऱ्यांच्या चित्रांवर जीवनमान, एवढंच. आणि ‘रात्री किती वेळा उठता’ यावर विसंबू नका, तीन दिवसांची लघवीची डायरी घ्या. मापाचा मग द्या. तो दिला नाही तर ‘एक तांब्या’ अशा नोंदी येतात. पासष्टीच्या पुढे चोवीस तासांतली तेहेतीस टक्क्यांहून जास्त लघवी रात्रीच होत असेल तर दोष प्रोस्टेटचा नसून पायाची सूज, हृदय, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी असलं काही असू शकतं. त्याला प्रोस्टेटवर कितीही शिकवा, तो उठणारच.

रात्रपाळी
मॅडम, खरंच सोपा विषय पाहिजे तर डीजे स्टेंट (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत तात्पुरती ठेवलेली बारीक नळी) घ्या. मूतखडा काढला, स्टेंट टाकला, पेशंट घरी. लघवी करताना कमरेत कळ, सारखी घाई, चालल्यावर लाल लघवी, आणि त्याला वाटतं खडा राहिलाय. यूएसएसक्यू ही प्रश्नावली २००३ पासून त्याच्याचसाठी आहे, कामावर आणि शरीरसंबंधावर काय परिणाम होतो तेही विचारते. स्टेंट टाकल्यानंतर आठवड्याने एकदा आणि काढल्यानंतर चार आठवड्यांनी एकदा भरा. पेशंट तोच, स्टेंट असताना आणि नसताना. शिवाय तो काढायला परत येतोच.

मूत्रवैद्य
येतोच? सहा महिने, वर्ष, काही वर्षं विसरलेले स्टेंट बघा एकदा. दोन्ही टोकांना खड्याचे गोळे धरलेले असतात, ते फोडायला दोन-तीन ऑपरेशनं लागतात. विषय घ्यायचा तर स्टेंटचं रजिस्टर घ्या : टाकल्याची तारीख, काढायची तारीख, दोन फोन नंबर, पैकी एक शेजाऱ्याचा. सिस्टर दर सोमवारी पान उलटून फोन करते की नाही, आणि त्याने वेळेवर किती निघाले.

ब्रदर_सातारा
म्हणजे आणखी एक रजिस्टर, आणि भरायचं आम्हीच. पन्नास पेशंटला रात्री दोन सिस्टर आहेत, सर. आधीची बावीस रजिस्टरं आहेतच.

गाईडमॅडम
मूत्रवैद्य, मग क्लॅम्प विरुद्ध बिनक्लॅम्प असा विषय दिला तर तुमच्या वॉर्डात घेऊ द्याल का? पहिली लघवी किती वेळाने, किती मिली, आत किती उरली, नळी पुन्हा घालावी लागली का. टीचिंग नाही, प्री-टेस्ट नाही. सही कराल?

मूत्रवैद्य
करेन. अट एकच, आत उरलेली लघवी पुन्हा नळी घालून मोजायची नाही. लघवी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सोनोग्राफीवर. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये, गुणाकार, त्याला ०.५२ ने गुणा.

रात्रपाळी
सोनोग्राफीचं मशीन पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या) नोंदणीतलं, खोली कुलपात, किल्ली रेडिओलॉजीकडे. रात्री अकराला नळी काढली तर पहाटे दोनला दहा मिनिटांत प्रोब कोण लावणार?

मूत्रवैद्य
म्हणूनच सकाळी सहाला काढतो.