पिल्लू गच्चीवर खेळतं आणि घरात येऊन शू करतं, काय करावं?

मोगरा:
देशी पिल्लू, मादी, अडीच महिन्यांची. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. लसी पूर्ण व्हायच्या आहेत म्हणून डॉक्टरांनी रस्त्यावर न्यायला मनाई केली आहे. गच्चीवर नेली की मनसोक्त हुंदडते आणि घरात पाऊल टाकताच दारातल्या पायपुसण्यावर शू. वर्तमानपत्र पसरून ठेवलंय, त्यावर कधी करते, कधी नाही. रात्री कुठेतरी ओलं असतंच. सासूबाई म्हणतात, दटावल्याशिवाय कळणार नाही. दटावू का?

शेपूटवाले:
नका दटावू. माणसासमोर शू केली की ओरडा बसतो, एवढंच ती शिकेल. मग सोफ्यामागे जाऊन करेल आणि गच्चीवर तुम्ही समोर असलात की रोखून धरेल. उशिरा सापडलेल्या डबक्याजवळ ओढत नेऊन नाक घासणं तर निव्वळ छळ आहे, ते कशाबद्दल चाललंय हे तिला कळतच नाही.

गच्चीवर मोकळी सोडली की खेळाच्या नादात तिला शू लागल्याचं भान राहत नाही. घरात येऊन शांत झाली की लागते. म्हणून पट्टा लावूनच वर न्या, तेही कडेवर, नाहीतर जिन्यातच होईल. रोज त्याच कोपऱ्यात पाच मिनिटं गप्प उभे राहा. केली तर पूर्ण होऊ द्या, मध्येच कौतुक केलंत तर अर्धवट सोडून तुमच्याकडे धावेल. संपताक्षणी, तिथेच, हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. घरी येऊन दिलेला खाऊ तिच्या लेखी घरी येण्याचा असतो. मग पट्टा सोडा, खेळू द्या. शू झाल्या झाल्या खाली आणलंत तर शू म्हणजे मजा संपली असं समीकरण बसतं.

नाही केली तर खाली आणा, पण घरभर सोडू नका. मांडीवर ठेवा किंवा पट्टा कमरेला अडकवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा वर.

न्यायचं कधी? झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, खेळ थांबला की, आणि जागी असेल तर दर पाऊण तासाने. वयाच्या महिन्यांत एक मिळवा, तितके तास पिल्लू धरू शकतं, असा ठोकताळा आहे. तो झोपलेल्या पिल्लाचा, धावणाऱ्याचा नव्हे. खाणं ठरल्या वेळी, तीन-चारदा, पंधरा मिनिटांत वाडगा उचलायचा. पाणी दिवसभर समोर हवंच.

कोटाफरशी:
वरच्या उत्तरात एक राहिलं. घरातली सगळी पायपुसणी आणि सतरंज्या सध्या उचलून ठेवा. कागदावर करायची सवय लागलेल्या पिल्लाला पायाखाली मऊ, शोषून घेणारं काहीही लागलं की तीच जागा वाटते. वर्तमानपत्राऐवजी दोन बाय दोन फुटांच्या ट्रेमध्ये दोन इंच माती आणि लॉनचा तुकडा घालून बाल्कनीत ठेवा. पुढे खाली न्यायला लागाल तेव्हा पायाची ओळख मातीशीच असेल.

पुसताना फिनेल नको. काळ्या फिनेलमधली फिनॉलची द्रव्यं पंजे चाटताना पोटात जातात आणि घातक ठरतात. अमोनिया असलेलं क्लीनरही नको, त्याचा वास मूत्राच्या जवळचा. आधी कागदाने टिपून घ्या, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर ओता आणि डब्यावर लिहिलेला वेळ ओलंच राहू द्या. लगेच पुसलंत तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. फरशीच्या सांध्यांत वास सर्वांत जास्त मुरतो, तिथे दोनदा करा. व्हिनेगर संगमरवरावर आणि कोटा फरशीवर वापरू नका, दगड खातं.

मोगरा:
पायपुसण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. रात्रीचं कसं करू?

शेपूटवाले:
तुमच्या पलंगाशेजारी पिंजरा किंवा छोटं कुंपण. उभं राहून वळता येईल इतकंच मोठं, जास्त मोठं झालं तर एका टोकाला शू करून दुसऱ्या टोकाला झोपते. आधी दिवसा त्यातच खाऊ देऊन सवय करा, रडत असताना कोंडू नका. झोपण्यापूर्वी वर नेऊन आणा. तीन तासांचा गजर लावा, अंधुक उजेडात, न बोलता न्या आणि परत झोपवा. रोज कोरडी सापडायला लागली की गजर पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे ढकला.

नवा_पालक:
याच धाग्यात विचारतो. रस्त्यावरून आणलेला दोन वर्षांचा नर घरात शू करतच नाही, पण बाल्कनीतही नाही. तासन् तास धरून ठेवतो.

कोटाफरशी:
त्याला माती आणि गवत माहीत आहे, टाइल नाही. बाल्कनीचा हट्ट सोडा. दिवसातून चार वेळा, शांत वेळी, एकाच झाडाखाली न्या. लिफ्टला घाबरत असेल तर सध्या जिन्याने. पूर्ण दिवस शू झालीच नाही तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. पुढे भिंतीच्या कडांवर थोडी थोडी उडवायला लागला तर ते हद्दीचं खुणावणं आहे, त्यासाठी नसबंदीबद्दल बोलून घ्या.

मोगराताई, कुणी वाकून हात लावताच दबकून शू होत असेल तर ती भीतीपोटी होते. पाहुण्यांना खाली बसून बाजूने हात पुढे करायला सांगा. आणि दर काही मिनिटांनी थेंब थेंब, कण्हत किंवा लालसर होत असेल तर मूत्राचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर शिकवण्याने तो बरा होणार नाही.